दोन ठोके, मग एक

भिंतीची जाडी चार इंच. उभ्या विटांची, दोन्हीकडून गिलावा.

*

पितळी घागरी दोन. स्टीलच्या तीन. निळा ड्रम एक. रांजण एक. घाईच्या वेळी परातसुद्धा.

*

उंदीर गाढ झोपला की त्याच्या मेंदूतल्या पेशींमधल्या फटी रुंदावतात आणि त्यांतून पाणी खेळू लागतं.

*

कात्री फ्रीजमध्ये सापडली. कोथिंबिरीच्या जुडीखाली, नीट पुसून ठेवलेली.

*

"गल्ली नंबर तीन, गल्ली नंबर चार आणि मशिदीमागचा भाग, इथं उद्या किंवा परवा पाणी सोडण्यात येईल. भांडी तयार ठेवावीत." रिक्षावरचा भोंगा. ती रिक्षा भंगारात जाऊन आता आठ वर्षं झाली.

*

लोखंडी बत्ता. खालचं टोक झिजून एका अंगाला कललेलं. खल केव्हाच फुटला, बत्ता तेवढा राहिला.

*

दोन ठोके. थांबायचं. मग एक.

*

पद्मीनबाई वाघुंडेला पावणेतीनला जाग आली. रोजच येते. वय बहात्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी नाशकात, घरात दुसरं माणूस नाही. उठवणारं कुणी नाही आणि झोपवणारंही नाही.

या जाग येण्याला इतिहास आहे. चाळीसेक वर्षं या गावाला पाणी आठ-दहा दिवसांनी यायचं, आणि यायचं तेही रात्री, दोन ते चारच्या मध्ये केव्हाही. बायका नळाची तोटी उघडी टाकून खाली रिकामी घागर लावायच्या आणि झोपायच्या. पाण्याच्या आधी हवा यायची, तोटी सूं सूं करायची, मग पहिली धार घागरीच्या तळावर आदळायची. त्या आवाजाला जी उठली नाही, ती पुढचे दहा दिवस लोकांच्या दारात कळशी घेऊन उभी.

गल्ली नंबर तीनमध्ये दोनच बायका कधी चुकल्या नाहीत. गल्लीच्या टोकाला जोडघरं आहेत. एकात पद्मीनबाई, दुसऱ्यात शहनाज. दोन्ही घरांची स्वयंपाकघरं पाठीला पाठ लावून बसलेली, मध्ये ती चार इंची भिंत. जिला आधी जाग येईल तिनं भिंत ठोकायची. पद्मीनबाई बत्त्यानं ठोकायची, शहनाज शिवणाच्या कात्रीच्या मुठीनं. दोन ठोके, थांबून एक. मग दोघी मिळून गल्ली उठवायच्या.

एवढ्या वर्षांत भिंतीला दोन्ही अंगांनी रुपयाएवढा खळगा पडला. इकडून दर दिवाळीला चुना लागतो, तिकडून दर ईदला रंग लागतो, आणि महिन्याभरात खळगा पुन्हा उघडा.

घागरी भरायला तास लागायचा. तो तास दोघी दारापुढच्या ओट्यावर बसायच्या. पद्मीनबाई दिवसा अंगणवाडीत खिचडी शिजवायची, शहनाज मशीनवर ब्लाऊज शिवायची. दिवसा घरं नवऱ्यांची, सासवांची, पोरांची, गिऱ्हाइकांची असत. दिवसा शहनाज तिला "पद्मीनबाई" म्हणे आणि पद्मीनबाई मान हलवून पुढं जाई. रात्रीच्या त्या तासात मात्र ती "पद्मीन गं" व्हायची आणि शहनाज "आपा". कुणाच्या सासूनं काय ऐकवलं, कुणाला कुठं दुखतं, कुणाचं मन कुणावर होतं आणि लग्न कुणाशी झालं, हे सगळं फक्त घागरींना आणि त्या दोघींना माहीत.

पुढं गावाला चोवीस तास पाणी आलं. मीटर बसले, भोंगा गेला. त्या वर्षी सगळी गल्ली झोपली. या दोघी सोडून.

पहिल्याच आठवड्यात पावणेतीनला कात्री वाजली. पद्मीनबाई बाहेर आली तर शहनाज मांडीशी घागर घेऊन ओट्यावर बसलेली.

"आता घागर कशाला, आपा?"

"रिकाम्या हातानं बसलं तर लोक म्हणतील, बुढ्ढ्यांना काही काम नाही."

"लोक घोरायलेत."

"तू गप बस. सवय म्हणून असू दे."

मग ती सवय म्हणून आठ वर्षं राहिली.

एक गोष्ट दोघी शंभरदा सांगायच्या, आणि शंभरदा हसायच्या. शहनाजनं अगदी पहिल्यांदा भिंत ठोकली तेव्हाची. पद्मीनबाई तेव्हा सत्तावीस वर्षांची होती. माहेरी बाळंतपणाला गेली होती, ती रिकाम्या ओटीनं परत आली होती. कुणाशी बोलत नव्हती. रात्री भिंतीवर ठक ठक झालं, थांबून ठक. दचकून बाहेर आली, तर शेजारची ती मुसलमानाची सून दोन घागरी घेऊन ओट्यावर. तोवर दोघींचं धड बोलणंही झालेलं नव्हतं.

"पाणी आलंवतं बाई. आत्ताच गेलं. येईल परत. बसा."

बसल्या. पहाट झाली तरी पाणी काही आलं नाही.

"पहिल्याच दिवशी फुकट उठवलं हिनं मला," पद्मीनबाई म्हणायची. शहनाज तोंडाला पदर लावून हसायची.

*

कात्री फ्रीजमध्ये सापडली त्याच्या आधीही बरंच काही झालं होतं. चहात मीठ. एकाच ब्लाऊजला तीन बाह्या. एकदा शुक्रवारच्या बाजारातून निघाली ती थेट बसस्टँडवर जाऊन बसली आणि कंडक्टरला म्हणाली, घर आलं की सांगा. पण कात्री सापडल्यावर शहनाजचा मुलगा मुदस्सर घाबरला. ती कात्री त्याच्या आईनं पंचेचाळीस वर्षं कुणाला हात लावू दिली नव्हती.

आरोग्य केंद्रातून पट्टी आली. पासष्टच्या वरच्यांना ती फुकट होती. कपाळावर बांधायची, रुंद नाडीसारखी मऊ, मध्ये हरभऱ्याएवढा दिवा. गाढ झोप असेल तर हिरवा, जाग आली की नारिंगी. पट्टीबरोबर आम्रपाली उफाडे आली. तिच्या पदाचं सरकारी नाव निद्रासेविका. गल्लीनं पहिल्या दिवशी तिला झोपवाली म्हणायला सुरुवात केली आणि तिनं ते मान्य केलं.

तीन आठवड्यांनी झोपवाली पद्मीनबाईच्या दारात उभी राहिली. सकाळचे अकरा वाजले होते, पद्मीनबाई मेथी निवडत होती.

"काकू, शेजारच्या आजींबद्दल विचारायचं होतं."

"बस. चहा टाकते."

"चहा नको, तीन घरं झाली चहाची. मला सांगा, मेंदूला कचरा असतो हे माहितीये तुम्हाला?"

"कुणाकुणाच्या तोंडावरनं कळतं."

झोपवाली हसली आणि मेथीची अर्धी जुडी स्वतःकडे ओढून निवडू लागली. निवडता निवडता तिनं सांगितलं ते असं. मेंदू दिवसभर काम करतो, चुलीखाली राख साठावी तसा त्यात कचरा साठतो. माणूस गाढ झोपला की मेंदूत संथ, मोठ्या लाटा उठतात. त्या लाटांबरोबर पेशींमधल्या फटी रुंदावतात, त्यांतून पाणी वाहतं आणि कचरा धुऊन नेतं. साठीनंतर या लाटा बुटक्या होतात. धुणं अर्धवट राहतं. वर्षानुवर्षं असं झालं की माणूस विसरायला लागतो, तोल जातो, रक्तदाब चढतो. पट्टी लाट ओळखते आणि ती वर असतानाच कानाशी एक बारीक आवाज करते. झोका वर गेला की हलकासा धक्का दिला तर तो आणखी उंच जातो, तसं.

पद्मीनबाईनं हातातली काडी खाली ठेवली. "म्हणजे डोक्यालाबी पाणी रात्रीच सुटतं."

"हो. बरोबर बोललात."

"आन् तेवढ्यात कुणी उठवलं तर?"

"व्हॉल्व्ह बंद."

पद्मीनबाईनं काडी पुन्हा उचलली.

"आजींच्या लाटा मस्त उचलल्या होत्या," झोपवाली म्हणाली. "पण रोज पावणेतीनला धाडकन पडतात. नंतर पहाटेपर्यंत काही नाही. झोपेतही मेंदूचा एक कोपरा राखणीला बसलेला असतो, काकू. रानात माळ्यावर बसतात ना, तसा. बाईला ट्रक गेलेला ऐकू येत नाही, पण बाळ कुसकुसलं की उठते. प्रत्येकाचा असा एक राखण-आवाज असतो. तो सापडला की आम्ही तो गाढ झोपेत एकदम बारीक, हजारो वेळा ऐकवतो. ऐकू येतंय पण मागं काहीच घडत नाहीये, हे पटलं की मेंदू माळ्यावरून खाली उतरतो."

"मग पुन्हा तो आवाज आला तर?"

"नाही उठणार."

"कधीच?"

"कधीच. अडचण एवढीच, पट्टीला घरातले आवाज साठवून ठेवायला कायद्यानं बंदी आहे. कुणीतरी सांगावा लागतो, मुद्दाम वाजवून द्यावा लागतो. मुदस्सरभाई वरच्या मजल्यावर झोपतात, त्यांना काही माहीत नाही. आजी म्हणतात, मला काही आठवत नाही. तुमच्या भिंतीला भिंत आहे. पावणेतीनला काय वाजतं हो?"

पद्मीनबाईची पाठ स्वयंपाकघराकडे होती. खळगा तिथून दिसत नव्हता.

"कुत्री," ती म्हणाली. "कोपऱ्यावर लई कुत्री भुंकतात."

*

रात्र १ (कुत्री): जाग २.४५

रात्र ४ (कुत्री): जाग २.४५

रात्र ९ (कुत्री): जाग २.४५. आजींना कुत्र्यांचं काही वाटत नाही. – आ. उ.

*

खोटं बोलल्यावर पद्मीनबाईनं एक गोष्ट मनाशी ठरवली होती. आवाज द्यायचा नाही, पण ठोकायचंही नाही. आपण ठोकलं नाही की आपा झोपेल. कचरा धुऊन निघेल. आणि आवाज आपल्यापाशी राहील, कधी लागला तर. तिला वाटलं, हा हिशेब चांगला आहे.

पावणेतीनला ती जागी होऊन पडून राहिली. आढ्याकडे बघत.

भिंतीपलीकडून कात्री वाजली. दोन, थांबून एक.

ती हलली नाही. थोड्या वेळानं पुन्हा. मग पुन्हा, या खेपेला जरा हळू, चुकीच्या दारात आलोय का असं वाटल्यासारखं. मग चपला ओढत आपा ओट्यावर गेली ते ऐकू आलं. घागर फरशीवर टेकल्याचा आवाज आला. तासाभरानं चपला परत आत गेल्या.

असं नऊ रात्री. दहाव्या रात्री पद्मीनबाईचा हात आपोआप बत्त्याकडे गेला.

"या अल्ला, मी म्हटलं तू मेलीस का काय," शहनाज ओट्यावरून म्हणाली. कपाळावर पट्टी, पट्टीचा दिवा नारिंगी.

"मेले असते तर गल्लीला कळलं नसतं?"

"गल्ली झोपलीय गं." तिनं आजूबाजूला पाहिलं. "भाऊजी उठले नाहीत का? ड्रम त्यांनाच ओढू दे हां. तुझ्या पाठीला झेपत नाही."

भाऊजी म्हणजे पद्मीनबाईचा नवरा. त्याच्या मातीला शहनाज स्वतः आली होती.

"झोपलेत ते," पद्मीनबाई म्हणाली.

"झोपू दे. बाप्यांना पाण्याची काय किंमत." मग तिनं नेहमीची गोष्ट काढली, पहिल्या रात्रीची, कोरड्या घागरींची, आणि ती मात्र अक्षरन् अक्षर बरोबर सांगितली. दोघी हसल्या. कितीतरी दिवसांनी. पद्मीनबाईला वाटलं, हे एवढं राहिलंय तोवर काय बिघडतं.

तेवढ्यात शहनाज उठली. "धार आली बघ." धार वगैरे काही नव्हती. ती ओट्याच्या कडेच्या नळाशी गेली, घागर भरली, कमरेवर घेतली आणि तीन पावलांवर तिचा पाय सांडलेल्या पाण्यावरून गेला.

घागर आधी पडली. तो आवाज एवढा मोठा होता की वरच्या मजल्यावर दिवा लागला.

उजवं मनगट मोडलं. कात्रीचा हात.

*

पद्मीनबाई आरोग्य केंद्रात पोचली तेव्हा दुपार झाली होती. रांग होती. बाकावर तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "काय होतंय?" ती म्हणाली, "काही न्हाई." हातात कापडी पिशवी होती आणि पिशवीचा एक कोपरा जडशीळ लोंबत होता.

झोपवालीच्या टेबलावर तिनं पिशवी उपडी केली. बत्ता गडगडत गेला, झोपवालीनं तो स्टेपलरशी अडवला.

"कुत्री न्हाईत," पद्मीनबाई म्हणाली. "हे हाय."

झोपवालीनं बत्ता उचलून पाहिला. झिजलेल्या टोकावरून अंगठा फिरवला. रागावेल असं पद्मीनबाईला वाटलं होतं. ती रागावली नाही, त्यानं जास्त अवघड झालं.

"रोज?"

"पंचेचाळीस वर्षं."

"मग आता नुसतं थांबलात तर?"

"थांबले होते नऊ दिवस. तीच ठोकती. वाट बघत उठती."

"हो, तसंच होतं," झोपवाली म्हणाली. "आवाज थांबला तरी राखण थांबत नाही. उलट वाढते." ती थोडा वेळ काही टिपत राहिली. "काकू, मी हा आवाज काढून टाकल्यावर तुम्ही कितीही ठोकलं तरी..."

"सांगितलंस तू मघा. म्हणजे तेव्हा. मेथी निवडताना."

"तुमच्याच भिंतीवर, तुमच्याच हातानं ठोकावं लागेल. माझा ठोका चालणार नाही. चाळीस नमुने लागतात."

"चाळीस काय," पद्मीनबाई म्हणाली.

*

नमुने घ्यायचं काम मंगळवारी सकाळी दहाला ठरलं. शहनाजच्या उशीपाशी झोपवालीनं मायक्रोफोन ठेवला. शहनाजला मुदस्सरनं पुढच्या खोलीत बसवलं, टीव्ही मोठा केला. झोपवाली मायक्रोफोनपाशी, पद्मीनबाई इकडे भिंतीशी, मध्ये फोन चालू.

"करा सुरू."

दोन, थांबून एक. भर दिवसा तो ठोका तिला परक्यासारखा ऐकू आला. खळग्यातून गिलाव्याची पूड सांडली.

दोन, थांबून एक.

सातव्या नमुन्याला फोनमधून गडबड ऐकू आली. मुदस्सर म्हणत होता, "अम्मी, कुछ नहीं, बैठो." मग शहनाजचा आवाज आला, अगदी मायक्रोफोनपाशी. "सोड मला. पाणी आलंय. पद्मीन बुलाती है. घागर कुठाय माझी?"

पद्मीनबाई थांबली.

"काकू," फोनमधून मुदस्सर म्हणाला. या पोराला तिनं अंगणवाडीत खिचडी भरवली होती. "थांबायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

भिंतीपलीकडे प्लास्टरचा हात कशावर तरी आपटला. शहनाज डाव्या हातानं घागर उचलू बघत होती.

"न्हाई," पद्मीनबाई म्हणाली. "बाहेर घेऊन जा तिला. बाजारात ने. मी ठोकते."

तेहतीस राहिले होते. तिनं ते सगळे नीट दिले. एकही घाईत नाही, एकही हलका नाही.

*

रात्र १ (ठोका): जाग २.४५. लाटा पूर्ण पडल्या.

रात्र ५: जाग २.४५. पाच मिनिटांनी पुन्हा झोप.

रात्र ८: जाग नाही. कूस बदलली.

रात्र १२: कूस नाही. डाव्या हाताची बोटं हलली.

रात्र १५: बोटं.

रात्र १६: बोटं.

रात्र २०: काही नाही.

*

एकविसाव्या रात्री चाचणी. झोपवाली पद्मीनबाईच्या स्वयंपाकघरात पाट टाकून बसली, मांडीवर टॅब. टॅबवर शहनाजच्या झोपेची रेघ चालली होती, लांब-लांब उंचवट्यांची. उन्हाळ्यात कोरड्या नदीचे दगड पाहिलेल्या बाईला ती पुराच्या पाण्यासारखी दिसली.

"छान झोपल्यात," झोपवाली कुजबुजली. "तिशीतल्या बाईची झोप आहे ही. ठोका."

दोन, थांबून एक.

रेघ चालत राहिली.

"जरा जोरात."

पद्मीनबाईनं बत्ता दोन्ही हातांनी धरला. दोन, थांबून एक. खळग्यातून विटेचा लाल कण निसटून तिच्या पायावर पडला. भिंतीपलीकडे शहनाज घोरत होती. पंचेचाळीस वर्षांत पद्मीनबाईनं तिचं घोरणं कधी ऐकलं नव्हतं. हिनं ठोकलं आणि ती झोपलेलीच राहिली, असं कधी घडलंच नव्हतं.

"झालं, काकू."

"झालं?"

"झालं."

झोपवालीनं टॅब मिटला. तिला दुसऱ्या गल्लीत जायचं होतं. पद्मीनबाईनं तिला बिनसाखरेचा चहा दिला, दारापर्यंत सोडलं आणि मग आत जायच्या ऐवजी ओट्यावर बसली. थोड्या वेळानं आत जाऊन एक घागर घेऊन आली आणि शेजारी ठेवली.

*

दिवाळीच्या आधी शहनाज मशीनवर बसायला लागली. मनगट थोडं वाकडं जुळलं होतं, पण टाके सरळ येत होते. नातवंडांची नावं अडखळत नव्हती. बसस्टँडचा किस्सा ती आता स्वतः नक्कल करून सांगे. मुदस्सरनं पद्मीनबाईला मिठाईचा डबा आणून दिला, पाया पडला. ती म्हणाली, "हे काय करायलास," आणि डबा ठेवून घेतला.

एकदा ती दुपारी शहनाजकडे गेली. मुद्दाम, काम नसताना. सून होती, दोन गिऱ्हाइकं होती.

"बसा ना पद्मीनबाई," शहनाज म्हणाली.

बसली. चहा आला. गिऱ्हाइकांनी गळ्याची मापं सांगितली. सुनेनं टीव्ही लावला.

"झोप लागती का आता?"

"अशी लागते, विचारू नका. मेल्यासारखी. तुम्ही पण घ्या ती पट्टी." शहनाजनं सुईत दोरा ओवला, पहिल्याच खेपेला. "आपण किती उठायचो हो तेव्हा. घागरी, ड्रम, सगळी गल्ली उठवायची. आठवलं की अंगावर येतं. त्या पाण्यानं आपली जन्माची झोप खाल्ली."

"खाल्ली," पद्मीनबाई म्हणाली.

शहनाजनं दोरा दातानं तोडला. क्षणभर तिची नजर पद्मीनबाईच्या तोंडावर थांबली, काहीतरी राहिलंय असं. मग गिऱ्हाइकानं बाहीचं विचारलं.

*

जानेवारीत झोपवाली पद्मीनबाईसाठी पट्टी घेऊन आली. रक्तदाब एकशे ऐंशी लागला होता. डाव्या हाताला मुंग्या येत होत्या. अंगणवाडीच्या जुन्या मदतनीसबाईचं नाव दोन दिवस आठवलं नव्हतं, हेही पद्मीनबाईनंच सांगून टाकलं होतं.

"तुमचा राखण-आवाज सांगा."

"नळ."

झोपवालीनं नळाचे आवाज आणलेच होते. सूं सूं, धार, घागरीचा तळ. पद्मीनबाई पट्टी बांधून दुपारभर खाटेवर पडली, डुलकी लागली, उठली. झोपवालीनं रेघ दाखवली.

"नळाला तुमचा मेंदू ओळखही देत नाही."

"म्हातारा झाला."

झोपवालीनं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पलीकडून शिलाई मशीन घरघरत होतं.

"आजींची ती कात्री आहे ना अजून?"

"हाय. ब्लाऊज बेतती तिनंच."

"पाच मिनिटांचं काम आहे. मी मागून आणते. आजींना सांगायचं, भिंतीवर मूठ मारा, एवढंच. त्यांना काही वाटणारही नाही."

"तेच तर," पद्मीनबाई म्हणाली. "नळच लिही."

"काकू, नळ लिहिलं तर पट्टी चालणार नाही. मी तुम्हाला खोटं सांगत नाही. पाच-सहा वर्षांत तुमचीही कात्री फ्रीजमध्ये सापडेल."

"माझ्याकडं कात्री कुठाय? बत्ता सापडंल."

झोपवाली हसली नाही. पद्मीनबाईनं पट्टीची गुंडाळी केली, नाडी आत खोचली आणि तिच्या हातात दिली.

"ती उठायची न्हाई, म्हाईत हाय मला. माझ्या हातानं दिलंय." तिनं खाटेवरची चादर झटकून सरळ केली. "पण चुकून ठोकलंच तिनं, तर इकडं कुणी जागं नको?"

झोपवालीनं टॅबवर "नळ" लिहिलं.

त्या रात्री पद्मीनबाईला पावणेतीनला जाग आली. ती पडून राहिली. मग उठून अंधारातच स्वयंपाकघरात गेली आणि भिंतीच्या खळग्यात अंगठा ठेवून उभी राहिली. वीट गार होती.

*

एकोणीसशे शहाण्णव सालच्या मार्चमधल्या तिसऱ्या आठवड्यात गल्ली नंबर तीनला पाणी एकदाच सुटलं, शनिवारी. शहनाजनं पहिल्यांदा भिंत ठोकली, तो त्याच आठवड्यातला बुधवार होता.